बेटावरची मोजदाद

पालथ्या काहिलीखालून आकारामनं दगडानं ठोकलं. एकदा, मग लागोपाठ दोनदा. बाहेर डांबराचं डबडं मांडून बसलेल्या नाथाजीनं लोखंडाला कान लावला, आवाजाच्या जागचं रिबीट बोटानं चाचपलं आणि काठीच्या टोकानं त्यावर डांबराचा ठिपका दिला.

"हितं?"

"जरा खाली. अजून उजेड दिसतुया." आतून आकारामचा आवाज देवळातल्यासारखा घुमत होता.

"आता?"

"बुजला. फुडं चल."

गुऱ्हाळाचा हंगाम संपला की इतर गावांत काहील गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवतात. बेटावर तिला दुसरी चाकरी असायची. दिवाळीनंतर ती उसाचा रस आटवायची आणि श्रावणात माणसं तरंगवायची. म्हणून डांबर लावायचं ते बाहेरूनच. एका साली आकारामच्या बापानं घाईत आतूनही फासलं होतं. त्या साली बेटाचा गूळ सांगलीच्या पेठेत कुणाला चाखून बघावा लागला नाही, वासावरनंच कळायचा.

पलूसच्या खालच्या अंगाला कृष्णा दोन धारांत फुटते आणि कोसभर पुढं पुन्हा एक होते. मधे जे राहतं ते बेट. उन्हाळ्यात धाकटी धार आटते, वाळूतून बैलगाड्या येतात जातात, आणि नवख्याला सांगूनही पटत नाही की हे बेट आहे. मृगानंतर धार भरते. श्रावणात वर घाटावर पाऊस कोसळला की अकरा घरांची आढी, आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवींचा, दगड आणि एक जुनी चिंच एवढंच पाण्याबाहेर राहतं. एखाद्या साली आसराही बुडतात. तेव्हा वैशाख लागला की बेटावरची माणसं पुराच्या तयारीला लागत. दाणे कणगीतून माळ्यावर. घायपाताचे दोर भिजवून, पिळून, पुन्हा वळून. पोहताना अंगाला बांधायच्या सांगडीचे भोपळे वाजवून बघायचे, चिरका आवाज निघाला तो चुलीत. गोवऱ्या शेजारगावच्या धर्मशाळेत नेऊन रचायच्या, कारण पूर आला की आठ-दहा दिवस तिथंच मुक्काम, आणि त्या गावच्या बायका सगळं देतात पण गोवरी देत नाहीत. आणि शेचाळीस सालच्या त्या उन्हाळ्यात, सगळं झाल्यावरही नाथाजीच्या छातीवरचं एक काम तसंच होतं.

"नाथाजी," काहील बोलली, "औंदा हळकुंडं किती?"

एरवी हा प्रश्न नाथाजीला कुणी तोंड धुवायच्या आधी विचारला असता तरी आवडला असता.

"चौसष्ट," तो म्हणाला. "गेल्या सालची एकसष्ट. कोंडीबाचा म्हातारा गेला, साठ. तीन पोरं झाली, तिरसष्ट. धुळाच्या घरात सून आली, चौसष्ट."

काहिलीखालून ठोकणं थांबलं.

"चौसष्टच म्हनतोस."

"अंजना सासरी जानार हाय, म्हसवडला." समोर तोंड नसलं की बोलणं सोपं जातं, नाथाजी लोखंडाशी बोलत होता. "सांगावा आलाय. मिरगाच्या आत आनून सोडा म्हनं."

"सांगावा आला, का तू आदी धाडलास?"

नाथाजीनं काठी डबड्यात बराच वेळ फिरवली. डांबर तसं पातळच होतं.

"डाव्या अंगाची रिबीटं बघ," तो म्हणाला. "ती जुनी हायत."

"बघितली मगाशीच," आकाराम आतून म्हणाला.

मोजदादीची रीत साधी होती. रोहिणी नक्षत्र सरताना बेटावरची घरं आसरांच्या दगडापाशी जमत. घरात जितकी माणसं तितकी हळकुंडं त्या घरच्या कर्त्यानं एका गाडग्यात टाकायची. मोजणारा घराचं नाव आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा. टाकलेलं हळकुंड पुराचं पाणी पाहिल्याशिवाय बाहेर काढायचं नाही. पूर आला की पहिल्या खेपेला गाडगं पलीकडं जायचं, आणि तिथं काठावर जो माणूस उतरेल त्याच्या नावानं एकेक हळकुंड बाहेर यायचं. लढाईवर गेलेल्यांची सगळ्यांत आधी काढायची, म्हणजे ते सुखरूप. गाडगं रिकामं झालं की मोजणारा ओरडायचा, "काहील बांधा." त्यानंतर कुणी पाण्यात उतरायचं नाही.

एकोणीस वर्षं हा मोजणारा नाथाजी होता. त्याला दोन गोष्टींमुळं हे काम मिळालं होतं. एक, त्याची बेरीज चुकत नसे. दुसरी, त्याचा आवाज. नाथाजी घरात बायकोला मीठ मागायचा तेव्हा तिसऱ्या घरातली बाई मीठ घेऊन उठायची, असं आकाराम सांगत असे, आणि ते फार वाढवून सांगितलेलं नव्हतं.

रीतीत एक गोष्ट होती जी कुणी बोलून दाखवलेली नव्हती, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. दिलेली लेक मोजायची नाही. ती सासरच्या माणसांत. नाथाजीची अंजना म्हसवडला दिलेली. म्हसवडला पावसाचीच वाट बघावी लागते, तिथं पुराचं गाडगं कुठून असणार. पण तो प्रश्न वेगळा. तीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि अंजना एक बोचकं घेऊन बापाच्या दारात आली. कुणी विचारलं की नाथाजी म्हणायचा, चार दिसांसाठी आलीया. बेटाच्या लोकांनी ते चार दिवस मोठ्या समजुतीनं लांबू दिले. नाथाजीनं तिच्या नावाचं हळकुंड टाकलं असतं तर ती कायमची परत आली हे पुकारल्यासारखं झालं असतं, आणि ते चार दिवस तिथंच संपले असते.

गेल्या श्रावणात पाणी दुपारनंतर चढलं. बारा खेपा झाल्या. शेवटच्या दोन खेपांमधे अंजना बेटाच्या वरच्या टोकाला गेली, कारण एकटी राहणारी म्हातारी राहीबाई पलीकडं उतरून शेळीसाठी गळा काढत होती आणि शेळी तिथं बांधलेली होती. पलीकडच्या काठावर एकसष्टावं हळकुंड बाहेर आलं. नाथाजीनं गाडगं पालथं करून सगळ्यांना दाखवलं आणि काहील बांधायला सांगितली. अंजना नाही हे शालूबाईच्या, तिच्या आईच्या, ध्यानात आलं तोवर पाणी काहिलीच्या आवाक्याबाहेर गेलं होतं. निदान बेटाच्या बोलण्यात ते असंच नोंदलं गेलं. अंजनानं दोन रात्री चिंचेच्या बेचक्यात काढल्या, शेळी पदरानं पोटाशी बांधून. तिसऱ्या दिवशी आकाराम आणि दोघं पोहणारे गेले तेव्हा तिनं आधी शेळी खाली दिली.

कुणी नाथाजीला बोल लावला नाही. मोजणी तर बरोबर होती. बोल लावायचा म्हणजे प्रत्येकाला आपापल्या घरी परत आलेली एखादी बहीण, आत्या आठवली असती. उलट लोक त्याची समजूत घालत. नाथाजीला तीच जास्त लागायची. समजूत घालायला कुणी आलं की तो हातातलं काम आणखी जोरात करू लागे.

तो डांबराचे हात राखेनं घासून घरी आला तेव्हा शालूबाई शिडीवर होती आणि अंजना खालून तिला दाण्यांची पाटी देत होती. सून, सयाजीची बायको, नदीवर गेली होती. सयाजी स्वतः पलटणीबरोबर इटलीत की आणखी कुठं होता; लढाई थांबून वर्ष होत आलं तरी त्याला सोडलं नव्हतं.

नाथाजी उंबऱ्यात बसला.

"परवा निघायचं," तो म्हणाला. "विट्यापतूर गाडी. फुडं सर्विस मोटार हाय."

अंजनानं पाटी वर दिली. शालूबाईनं ती घेतली नाही.

"आवं, तिची सवत बाळंतपनाला टेकलीया," शालूबाई शिडीवरून म्हणाली. "त्यास्नी सून नगं. पेरायला दोन हात पायजेत."

"घर त्यांचं हाय."

"अन् हे कुनाचं?"

"मी तिच्या भल्याचंच बोलतुया. हितं पूर. गेल्या साली काय झालं बघितलं न्हवं? तितं पूर न्हाई, काय न्हाई."

बोलून झाल्यावर त्याला ते वाक्य ऐकू आलं. दुसऱ्या कुणी पुकारलेल्या आकड्यासारखं त्यानं ते मनात तपासलं आणि त्यात चूक काढता येईना.

"व्हय," अंजना म्हणाली. "तितं पूर न्हाई."

तिनं पाटी खाली ठेवली, कणगीपाशी बसली आणि शेणमातीचा गोळा घेऊन तिच्या बुडाची भेग लिंपायला लागली. बोटानं भेग दाबत, मग तळव्यानं सपाट करत. आणखी एक गोळा घेताना ती सहज म्हणाली,

"आबा, त्या दिशी तुमी 'कुनी न्हाई' म्हनालासा."

"गाडगं रिकामं झाल्तं."

"त्येच म्हनते. आकारामकाकानं इचारलं, कुनी ऱ्हायलंय का. त्येच्या आदी आईनं माजं नाव घेतलं. दोनदा घेतलं. मग तुमी म्हनालासा, कुनी न्हाई, काहील बांदा."

"तुला कुनी सांगितलं ह्ये?"

"सांगाय कशाला पायजे. मी चिंचंवर हुते. पान्यावरनं समदं येतं ऐकाय. तुमचा आवाज तर लयच."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माळ्यावर किती पायल्या गेल्या ते सांगावं तसं तिनं सांगितलं होतं. कणगीच्या बुडाला आणखी एक भेग होती, ती तिकडं सरकली.

शालूबाई शिडीवरून खाली आली. एकेक पाय नीट टेकवत, म्हातारी असल्यासारखी.

"तुमी मला म्हनालासा, ऐकूच आलं न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "गलका हुता म्हनालासा."

नाथाजीनं हातांकडं बघितलं. नखांच्या कडेला डांबर राहिलं होतं. गलका होता, हे खरं होतं. धर्मशाळेच्या पायऱ्यांवर पलीकडच्या गावचे पाटील उभे होते, पाहुणेरावळे होते, आणि एकसष्ट पुरी म्हटल्यावर पाटलांनी मान डोलावली होती. तेवढ्यात शालूबाईनं नाव घेतलं. असेल कुठंतरी बायकांत, असं त्याला वाटलं. निदान तसं वाटलं, असं तो गेले दहा महिने स्वतःला सांगत आला होता. मधे किती वेळ गेला होता? चिलमीत तंबाखू दाबावी एवढा. त्याच वेळात पाणी काहिलीच्या हातचं सुटलं. पाटलांच्या समोर "एक माझी लेक ऱ्हायली, ती मी धरली न्हवती" एवढं म्हणायला तितकासुद्धा वेळ लागला नसता.

"डांबर हाय हाताला," तो उठत म्हणाला. "घासून येतो."

तो नदीवर गेला आणि अंधार पडेपर्यंत परत आला नाही. इतकं डांबर त्याच्या हाताला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आसरांच्या दगडापाशी घरं जमली. पुरुष पुढं, बायका मागं, आणि दोघांच्या मधे, कुणी बसू नये तिथं, राहीबाई पाय पसरून बसलेली. तिला दिसायचं कमी. जे दिसायचं नाही ते ती विचारून घ्यायची, आणि जे दिसायचं ते सांगून टाकायची.

नाथाजीनं गाडगं मांडलं. एकेक घर पुढं येऊ लागलं.

"कोंडीबा, सात," नाथाजीनं पुकारलं.

"धुळा, नऊ."

"नऊ कसली," राहीबाई म्हणाली. "सून दोन मानसांचं खाती. धा धरा."

बायकांत हसू फुटलं. धुळाची सून पदराआड गेली. रीतीच्या दिवशी अशी चेष्टा चालायची. नाथाजी एरवी तिला एखादं उत्तरही द्यायचा. आज त्यानं पुढचं घर पुकारलं. आकारामचं घर झालं. नवव्या घरानंतर बेरीज एकोणसाठ झाली. राहीबाईचं एक आणि नाथाजीच्या घरची चार धरली की त्याची चौसष्ट पुरी होत होती. त्याला जरासं बरं वाटलं. बेरीज जुळत आली की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

राहीबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. पदराची गाठ सोडली आणि गाडग्यात हळकुंड टाकलं. मग दुसरं टाकलं.

नाथाजीचं तोंड उघडलं होतं ते तसंच राहिलं.

"म्हन की," राहीबाई म्हणाली.

"मावशी, तू एकली हायस."

"हुते. काल सांजंला अंजनाला इचारलं, माज्याकडं ऱ्हातीस का. व्हय म्हनाली. माजं डोळं गेल्यात, शेळीला दोन करडं झाल्यात. मला मानूस पायजेच हुतं."

"ती उद्या म्हसवडला जानार हाय."

"जाऊ दे की. गेली तर पूर ओसरल्यावर मी माजं हळकुंड न्हेईन आन् भाजीत घालीन. तुला काय तोशीस?" तिनं डोळे बारीक करून त्याच्या दिशेला बघितलं. "तुजा सयाजी समिंदरापल्याड, त्येचं हळकुंड गाडग्यात. पोरगी हितं चुलीम्होरं, तिचं न्हाई. लय मोटा हिशोब रं तुजा, नाथा. आता दोन म्हन. तुजं काम मोजायचं हाय."

मागं कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. नाथाजीनं बायकांकडं बघितलं नाही. अंजना तिथंच कुठंतरी होती. कुठं, हे न बघताही त्याला नेमकं ठाऊक होतं.

"राहीबाई, दोन."

"ऐकू न्हाई आलं," मागून कोंडीबा म्हणाला. त्यानं चांगल्या मनानंच म्हटलं होतं. त्याच्या एका कानानं ऐकू यायचं नाही.

"राहीबाई, दोन," नाथाजीनं पुन्हा पुकारलं. या वेळी ते पलीकडच्या थडीवर गेलं असावं, कारण तिथं नांगरणारा एक माणूस वळून बघायला लागला.

आता त्याचं घर. त्यानं कनवटीतून हळकुंडं काढली. एक स्वतःचं. एक शालूबाईचं. एक सयाजीचं. एक सुनेचं. चारही टाकून झाली. पुकारायला फक्त एक आकडा होता आणि तो सोपा होता.

नाथाजी तसाच उकिडवा बसून राहिला. मग बसल्या जागेवरून मागं वळला आणि बायकोपुढं हात केला.

"एक दे."

शालूबाई पुढं झाली. तिनं पदराची गाठ सोडली. आतलं हळकुंड नवं नव्हतं. गाठीत राहून राहून त्याची साल गेलेली, बोटं फिरून फिरून ते सुपारीसारखं गुळगुळीत झालेलं. ते किती दिवसांचं असेल याचा अंदाज नाथाजीला आला. त्यानं ते घेतलं, गाडग्यात टाकलं, आणि पुकारलं.

"नाथाजी, पाच."

माणसं बोटांवर मोजायला लागली. बेटावरच्या प्रत्येकाला मनातल्या मनात बेरीज येत होती. नाथाजीनं एकोणीस वर्षं तेवढं शिकवलंच होतं.

"सहासष्ट झाली," शेवटी आकाराम म्हणाला. "मानसं पासष्ट."

"राहीबाई, तुमी तुमचं एक काढा," कोंडीबा म्हणाला.

"टाकलेलं काढत न्हाईत," राहीबाई म्हणाली. "आसरांम्होरं काय बोलतुयास."

सगळे नाथाजीकडं बघायला लागले. एकोणीस वर्षांत त्याची बेरीज चुकली नव्हती, आणि चुकली ती अशी, सकाळच्या उन्हात, सगळ्यांच्या देखत. त्यानं गाडग्याच्या तोंडाला फडकं लावलं, सुतळी गुंडाळली आणि गाठ मारली. गाठ पक्की बसली का हे ओढून बघितलं.

"सहासष्ट," तो म्हणाला.

म्हसवडला गाडी गेली नाही. पण अंजना बापाच्या घरीही राहिली नाही. दुपारी भाकऱ्या झाल्यावर तिनं आपलं बोचकं उचललं, आईच्या पाठीवरून हात फिरवला आणि राहीबाईच्या खोपटाकडं गेली. पंचवीस-तीस पावलांचं अंतर. नाथाजी अंगणात दोर वळत होता. ती त्याच्या पुढून गेली. तिच्या नावची दोन हळकुंडं पडली होती आणि तिनं आधी पडलेलं घेतलं होतं. यात हिशोबाची काही चूक नाही, हे नाथाजीला दिसत होतं.

पुढच्या दिवशी काहील डोहात घातली. आकाराम तीत बसून बुडाशी हात फिरवत होता. कुठं ओल लागत नव्हती. चार पोहणाऱ्यांनी ती मधे नेली, गरागरा फिरवली, परत आणली. ते पोहणारे वर जाऊन अंग पुसायला लागल्यावर आकाराम काठावर नाथाजीजवळ येऊन बसला.

"काहील झ्याक झाली," तो म्हणाला. "आता एक सांग. गाडग्यात एक जादा हाय. म्हंजे औंदा गाडगं रिकामं व्हायचंच न्हाई. पासष्ट मानसांची पासष्ट निघनार, आन् तुज्या गाडग्यात एक उरनारच. मग काहील बांदायची कवा? का मी पूर ओसरंस्तवर येक उरल्यालं मानूस हुडकत गोल गोल फिरू?"

नाथाजी पाण्याकडं बघत होता. पाणी अजून स्वच्छ होतं, तळाची वाळू दिसत होती.

"अंजना बांद म्हनंल तवा बांदायची," तो म्हणाला.

"गाडगं तिच्याकडं?"

"तिच्याकडं."

आकारामनं चंची उघडली, चुना लावला, पान दुमडलं. ते तोंडात घातलं.

"तिला ठावं हाय का ह्ये?"

"न्हाई."

"मग सांग की जाऊन. का पान्यावरनं वरडून सांगनार हायस?"

आकारामला त्या दिवशी काठावर दिलेलं उत्तर आठवत होतं की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. त्याचे दोन्ही गाल पानानं भरलेले होते. नाथाजी उठला. धोतराला लागलेली वाळू त्यानं झटकली, जरा जास्तच वेळ झटकली, आणि चढ चढू लागला.

सांगायचं होतं ते दोन गोष्टींत बसत होतं. एक गाडग्याची. ती सोपी होती. दुसरी चार शब्दांची होती. मला ऐकू आलं हुतं. वाटेत त्यानं ते तीनदा मनात म्हटलं. चौथ्यांदा म्हणताना ते "ऐकू आल्यागत झालं हुतं" असं व्हायला लागलं. तो थांबला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

राहीबाईचं दार उघडं होतं. दोन करडं दाराशी बांधलेली. अंजना आत खोपट सारवत होती. पाठमोरी, मागं मागं सरत, हाताचे अर्धगोल एकापुढं एक उमटवत ती उंबऱ्यापर्यंत आली होती. सगळी भुई ओली, हिरवट, पाऊल न पडलेली. नाथाजीनं दारातला उजेड अडवला, तशी ती थांबली. वळली नाही.

"कोन हाय गं?" आतल्या कोपऱ्यात बाजेवरून राहीबाईनं विचारलं.

नाथाजीनं सांगितलं, "मी." ते इतकं हळू आलं की राहीबाईनं पुन्हा विचारलं, कोन हाय म्हनते.

"आबा हायत," अंजना म्हणाली.

तिनं शेवटचा हात उंबऱ्याशी फिरवला, पाटीतलं उरलेलं शेण एका कडेला लावलं आणि उठून बाहेर, त्याच्या बाजूला आली. दोघांच्या मधे एक हात अंतर होतं. ती सारवलेल्या भुईकडं बघत होती, कुठं सुकं राहिलंय का ते.

"अंजना," नाथाजी म्हणाला.

"वलं हाय," ती म्हणाली. "वाळंस्तवर थांबा. मग आत बसून बोला."

ती हात धुवायला रांजणाकडं गेली. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. अशा हवेत सारवण वाळायला वेळ लागतो. नाथाजीनं पायांतल्या वहाणा काढून दाराच्या कडेला ठेवल्या आणि तिथंच उभा राहिला.